शेरा : अ‍ॅव्हरेज

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सकाळी शेजाऱ्यांच्या मुलाने सोसायटीच्या फाटकापाशी नवी कोरी विजेवर चालणारी स्कूटर आणून उभी केली. हार, नारळ, पेढे सगळे यथासांग झाले. जमलेल्या ज्येष्ठांपैकी एकाने स्कूटरभोवती प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "अ‍ॅव्हरेज काय देते?" मुलगा हसला. म्हणाला, "काका, हिला पेट्रोल लागतच नाही." काका डगमगले नाहीत. "ते कळलं रे. पण अ‍ॅव्हरेज काय देते?"

पेढा तोंडात असतानाच दुसऱ्या शेजाऱ्याने मला बाजूला घेतले. त्यांनी शंभर रुपयांना घेतलेला एक शेअर साठावर आला होता. "मग मी आणखी तेवढेच घेतले. अ‍ॅव्हरेज करून टाकला. आता ऐंशीला पडला." त्यांच्या चेहऱ्यावर नफा झाल्याचे समाधान होते. तोटा होता तेवढाच राहिला, फक्त तो आता दुप्पट शेअरांवर पसरला, हे सांगून त्यांचा पेढा कडू करावासा मला वाटले नाही. दुपारी टीव्हीवर क्रिकेट. तिथे कोणाचे अ‍ॅव्हरेज किती याच्या पाट्या झळकत होत्या. संध्याकाळी बँकेचा संदेश आला की आपली सरासरी मासिक शिल्लक अमुक इतकी राखावी. रात्री जेवताना सून नातवाच्या शाळेतून आल्यागत तोंड करून म्हणाली, "बाई म्हणाल्या, मुलगा शांत आहे, पण अ‍ॅव्हरेज आहे." नातू खाली मान घालून भात कालवत राहिला.

स्कूटरचे अ‍ॅव्हरेज चांगले असले की आपण कौतुक करतो. फलंदाजाचे अ‍ॅव्हरेज तर त्याच्या मोठेपणाचे मोजमाप. माणूस मात्र अ‍ॅव्हरेज म्हटला की संपला. एकाच शब्दाच्या वाट्याला एवढी उलटसुलट कामे कशी आली, हे कुतूहल मला त्या रात्री शब्दकोशाकडे घेऊन गेले. पण खरे सांगायचे तर केवळ कुतूहल नव्हते. हा शब्द मी स्वतः एकदा एका माणसाविषयी लिहिला आहे, सही-शिक्क्यानिशी. त्याकडे मी शेवटी येईन.

या शब्दाचा जन्म गणितात झालेला नाही. तो समुद्रावरचा आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आहे नुकसान. अरबीत 'अवार' म्हणजे खोट, बिघाड. प्रवासात खराब झालेल्या मालाला त्यावरून शब्द पडला. भूमध्य समुद्रावर अरब आणि इटालियन व्यापाऱ्यांची देवघेव चाले, तिच्यातून तो इटालियनमध्ये 'अवारिया' झाला, फ्रेंचमध्ये 'अवारी' झाला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत येऊन 'अ‍ॅव्हरेज' बनला. ही वाट तशी मळलेलीच आहे. ज्या अरबी 'तारीफ'ची आपण मराठीत स्तुती केली, तीच तारीफ इटलीच्या बंदरांतून फिरून इंग्रजीत 'टॅरिफ' म्हणजे जकातीचे दरपत्रक होऊन बसली. व्यापारी शब्दांना बंदर बदलले की धंदा बदलायची सवयच असते.

आता नुकसानीचा शब्द सरासरीचा कसा झाला, हे समजण्यासाठी एका जहाजावर चढावे लागेल. समजा, जिनोआहून एक जहाज निघाले आहे. जहाजाची किंमत ५०० नाणी. त्यावर चार व्यापाऱ्यांचा माल आहे : एकाचा २०० नाण्यांचा, दुसऱ्याचा १५०चा, तिसऱ्याचा १००चा, चौथ्याचा ५०चा. भर समुद्रात वादळ उठते. जहाज पाण्यात दबू लागते. बायबलमधल्या योनाच्या गोष्टीत खलाशी जे करतात तेच अशा वेळी करावे लागते : भार कमी करण्यासाठी माल समुद्रात टाकणे. पण कोणाचा टाकायचा? वादळात यादी काढून चिठ्ठ्या टाकायला सवड नसते. जो हाताशी असेल, वजनदार असेल, तो जातो. समजा, तिसऱ्या व्यापाऱ्याच्या लोकरीचे गठ्ठे वरच होते. ते गेले. जहाज हलके झाले, तरले, बंदराला लागले.

बंदरावर उतरल्यावर तिसरा व्यापारी विचारतो, "माझं काय?" इतर तिघे म्हणू शकतात, "तुझं नशीब!" पण समुद्राचा कायदा तसे म्हणू देत नाही. तो म्हणतो, एकाचा माल गेला तो सगळ्यांसाठी गेला, तेव्हा ते नुकसान सगळ्यांनी आपापल्या वाचलेल्या ऐवजाच्या प्रमाणात सोसायचे. एकूण ऐवज १००० नाण्यांचा, गेले १०० नाण्यांचे, म्हणजे दहावा हिस्सा. जहाजाच्या मालकाने ५० द्यायची, पहिल्याने २०, दुसऱ्याने १५, चौथ्याने ५. अशी तिसऱ्याच्या पदरात ९० नाणी पडतात.

इथे बँकेतला माणूस लगेच विचारेल, उरलेली १० कुठे गेली? ती तिसऱ्याने स्वतः सोसायची. त्याच्या १०० वर त्याचाही दहावा हिस्सा आलाच. मला या सगळ्या हिशेबातली ही ओळ सर्वांत आवडते. ज्याचा माल गेला त्याला बिचारा म्हणून सूट नाही, आणि ज्यांचा वाचला त्यांना नशीबवान म्हणून सुटका नाही. ही दया नाही, दान नाही, वर्गणीही नाही. हा हिशेब आहे.

हा नियम शब्दापेक्षा पुष्कळ जुना. रोमन सम्राट जस्टिनियनने इसवी सन ५३३ मध्ये कायद्याचे जे मोठे संकलन जाहीर केले, त्यात तो ऱ्होड्स बेटाचा कायदा म्हणून नोंदलेला आहे. ऱ्होड्स हे ग्रीकांचे दर्यावर्दी बेट. पुढे या सामाईक नुकसानीला 'जनरल अ‍ॅव्हरेज' असे नाव मिळाले, आणि तिच्या वाटणीचे नियम १८६४ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरी व १८७७ मध्ये अँटवर्प बंदरी भरलेल्या सभांतून घडले. यॉर्क-अँटवर्प नियम म्हणून ते वेळोवेळी सुधारून आजही वापरले जातात. अमुक जहाजावर कोणी किती सोसायचे याचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाला आजही 'अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टर' म्हणतात. आमच्या बँकेत हे नाव प्रथम ऐकले तेव्हा मला वाटले, हा कोणी सरासरी काढणारा कारकून असावा.

हे पोथीतले आहे असे समजू नका. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' नावाचे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझच्या कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला, हे आपल्याला आठवत असेल. त्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी-अधिकारी भारतीय होते. जहाज सुटल्यावर त्याच्या मालकाने 'जनरल अ‍ॅव्हरेज' पुकारला. म्हणजे त्या अठरा हजारांच्या आसपास कंटेनरांत ज्यांचा ज्यांचा माल होता, त्या सगळ्यांना सुटकेच्या खर्चातला आपला वाटा देऊ अशी हमी दिल्याशिवाय माल मिळणार नव्हता. ऱ्होड्सच्या बेटावरचा न्याय असा एकविसाव्या शतकातल्या खेळण्यांच्या आणि फ्रिजच्या व्यापाऱ्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

मात्र समुद्रावरचे प्रत्येक नुकसान सामाईक नसते. लोकर लाटेने भिजली, द्राक्षे कुजली, एखादे पिंप आपोआप फुटले, तर ते ज्याचे त्याचे. त्याला 'पर्टिक्युलर अ‍ॅव्हरेज' म्हणतात. सगळ्यांच्या बचावासाठी, जाणूनबुजून, खऱ्या संकटात सोसलेले तेच 'जनरल'. म्हणजे या शब्दाच्या पोटात मूळचा प्रश्न एकच आहे : नुकसान कोणाचे? एकाचे की सगळ्यांचे?

पुढे काय झाले ते सहज कळते. नुकसान सगळ्यांत वाटायचे म्हणजे बेरीज करायची आणि भागायचे. हळूहळू नुकसान विसरले गेले आणि भागाकार तेवढा राहिला. अठराव्या शतकात इंग्रजीत कुठल्याही आकड्यांच्या बेरजेला संख्येने भागले की 'अ‍ॅव्हरेज' म्हणू लागले. आपल्याकडचा 'सरासरी' हा शब्द फारसीचा. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही टोके धरून मधले काढायचे ते सरासरी. हिंदी-उर्दूत वरवर टाकलेल्या नजरेला 'सरसरी नजर' म्हणतात, तीही याच कुळातली. इंग्रजी शब्द नुकसानीतून आला, आपला वरवरच्या नजरेतून. दोन्ही वंशावळी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

भागाकार वाईट नाही. क्रिकेटमध्ये त्याने केवढी शोभा आणली! डॉन ब्रॅडमन १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटची कसोटी खेळायला उतरला तेव्हा शंभराची सरासरी पुरी करायला त्याला चार धावा हव्या होत्या. तो शून्यावर गेला आणि ९९.९४ हा आकडा अजरामर झाला. त्याच्या खालोखाल प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये नाव घेतात ते आपल्या मुंबईच्या विजय मर्चंटांचे, ७१.६४. अ‍ॅव्हरेजच्या इतिहासात एका 'मर्चंट'ने एवढे वरचे स्थान मिळवावे, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

पण भागाकार माणसांचा होऊ लागला तेव्हा घोटाळा सुरू झाला. बेल्जियमचा ज्योतिर्विद अदोल्फ केटले याने १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. पुढे त्याने पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचा अभ्यास केला. त्याच्या लेखी सरासरी माणूस हा निसर्गाचा आदर्श, आणि आपण सगळे त्याच्या कमीजास्त चुकलेल्या नकला. अर्ध्या शतकानंतर इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने पारडे फिरवले. उंच आईबापांची मुले सरासरीकडे झुकतात हे त्याने १८८६ च्या आपल्या निबंधात दाखवले, आणि त्या झुकण्याला नाव दिले सामान्यपणाकडे परतणे. आदर्श होता तो आता सामान्य झाला. नातवाच्या बाईंनी वापरला तो शब्द गाल्टनच्या शाळेतला.

गंमत अशी की हा सरासरी माणूस शोधायला गेले तर सापडत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली होती. विमानातली बैठक सरासरी मापाची केली की सर्वांना बेतशीर होईल, असा समज होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने महत्त्वाची दहा मापे निवडली आणि दहांतही सरासरीच्या आसपास बसणारे किती ते मोजले. एकही निघाला नाही. सरासरी माणसासाठी केलेली बैठक कोणासाठीच नव्हती.

माझ्या नोकरीत या शब्दाने मला तीनदा गाठले. पहिल्यांदा आगीत. एका तालुक्याच्या गावी आमच्या शाखेचा एक कर्जदार कापडवाला होता. दिवाळीच्या तोंडावर दुकान दहा लाखांच्या मालाने भरलेले. विमा सहा लाखांचा, कारण कर्जाची मर्यादा तेवढी होती आणि कर्जाएवढा विमा असला की बँकेचे काम झाले, असे मी धरून चाललो होतो. आग लागली, पाच लाखांचा माल जळाला. भरपाई मंजूर झाली तीन लाखांची. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "साहेब, विमा सहाचा, जळालं पाचचं, मग तीन कसे?" मी त्याला 'अ‍ॅव्हरेज क्लॉज' समजावून सांगितला. दहाच्या मालाचा विमा सहाचा, म्हणजे दशांश सहाच भार विमा कंपनीने घेतला. उरलेल्या चाराचा विमेदार तू स्वतःच. तेव्हा नुकसानीतही तुझा वाटा दशांश चार, पाच लाखांतले दोन लाख. हिशेब समुद्रावरचाच होता, फक्त जहाजावर दुसरे कोणी नव्हते. त्याने तो मुकाट्याने ऐकला. विमा मालाएवढा कर, असे सांगायचे काम माझे होते, हे त्याला ठाऊक नव्हते. मला होते.

दुसऱ्यांदा शेतात. पिकविमा हा बहुतांशी सरासरीवर चालतो. २०१६ मध्ये आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही मुख्य भरपाई ठरते ती त्या भागातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पादनावरून. आपल्याकडे हा भाग म्हणजे बहुधा महसूल मंडळ. मंडळाचे सरासरी उत्पादन ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली गेले तर सगळ्यांना, नाही तर कोणाला नाही. लक्षावधी शेतांवर माणूस पाठवून एकेकाचे नुकसान मोजणे अशक्यप्राय, म्हणून ही पद्धत. तिच्यामागचे कारण मला पटते. पण पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. दहा गावांत बरे पिकले आणि ओढ्यापलीकडच्या एका शिवारात काही उगवलेच नाही, तर त्या शिवाराचे नुकसान मंडळाच्या सरासरीत विरघळून जाते. कर्जवसुलीला गेल्यावर करपलेल्या तुरीत उभा राहून शेतकरी विचारी, "मंडळाचं सरासरी भरलं म्हणता, मग माझं कुठं गेलं?" जहाजावर एकाचे नुकसान सगळ्यांचे व्हावे म्हणून हा शब्द जन्मला. इथे सगळ्यांच्या बेरजेत एकाचे नुकसान दिसेनासे होत होते.

आता तिसरी गोष्ट. १९९१ साल. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत व्यवस्थापक होतो. नवीन, तडफदार आणि आपण लवकर वर जाणार याची खात्री असलेला. आमच्याकडे एक फील्ड ऑफिसर होते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. धोतर सोडून पँट घातली एवढाच त्यांच्यात आणि एखाद्या खेड्यातल्या शिक्षकात फरक. कामाला संथ. ठेवी आणा म्हटले की 'बघतो' म्हणत. विभागीय कार्यालयाच्या बैठकीत तोंड उघडत नसत. इंग्रजी पत्राचा मसुदा तीनदा खोडत.

त्या वर्षी मार्चमध्ये, आठवडी बाजाराच्या दिवशी, आमच्या नव्या कॅशिअरची रोकड पाच हजारांनी कमी भरली. पन्नासच्या नोटांचे एक अख्खे बंडल गर्दीत जास्तीचे दिले गेले होते. मुलगा चोवीस वर्षांचा, लग्न ठरलेले. पगार तीन हजारांच्या आत. नियम स्पष्ट होता : कमी भरली तर कॅशिअरने भरायची. रात्री नऊपर्यंत आम्ही बंडले मोजली. मुलगा काउंटरमागे बसून राहिला होता, त्याच्याकडे बघवत नव्हते. मी नियमाप्रमाणे त्याच्याकडून लिहून घ्यायला कागद काढला.

अण्णांनी तेवढ्यात एका पाठकोऱ्या कागदावर तेरा जणांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे त्याचा पगार. बेरीज आली ४१,६००. "साहेब, शंभराला बारा घेतले की भागतं," ते म्हणाले. "आठ रुपये कमी पडतात, ते मी घालतो." मला कपाळाला आठी पडलेली आठवते. माझे ६६० रुपये होत होते. मी म्हणालो, "अण्णा, चूक त्याची. आपण का?" ते म्हणाले, "बाजाराचा दिवस सगळ्यांचा होता साहेब. गर्दी सगळ्यांनी बघितली. मदतीला काउंटरवर कोणी गेलं नाही." यादीत कॅशिअरचेही नाव होते, त्याच्या पगाराचे बारा टक्के लावून. कोणीतरी म्हणाले, त्या पोराला तरी वगळा. अण्णा म्हणाले, "वगळलं तर त्याला उपकार होईल. हिश्शानं भरलं तर मान वर करून येईल उद्या." शिपायानेही आपले २१६ रुपये दिले. दुसऱ्या दिवशी मुलगा दहाच्या आत काउंटरवर होता.

महिन्याभराने मी वार्षिक गोपनीय अहवाल लिहायला बसलो. उत्कृष्ट, फार चांगला, चांगला, सरासरी, निकृष्ट असे पाच रकाने. अण्णांचा कागद पुढे आला. ठेवी : उद्दिष्टापेक्षा कमी. वसुली : मध्यम. पुढाकार : मी थोडा थांबलो, आणि लिहिले, 'दिसत नाही'. शेवटी एकंदर शेरा : अ‍ॅव्हरेज. खाली सही. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. त्या कागदावर पाठकोऱ्या यादीसाठी रकाना नव्हता, आणि मला तो आखून घ्यावासा वाटला नाही.

गोपनीय अहवाल तेव्हा खरोखर गोपनीय असत. ज्याच्याविषयी लिहिले त्याला कळत नसे. सरकारी सेवकाला अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, 'चांगला' अशी असली तरी कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले ते २००८ मध्ये. अण्णांची बढती त्या वर्षी हुकली, पुढच्या खेपेलाही हुकली. नंतर ते मुलाखतीला बसलेच नाहीत. ज्या श्रेणीत होते त्याच श्रेणीतून निवृत्त झाले. मी बढत्या घेत वर गेलो. माझ्या नंतरच्या एका कादंबरीत एक संथ, निरुपद्रवी बँक अधिकारी आहे. वाचकांना तो विनोदी वाटला. मी तो विनोदी म्हणूनच लिहिला होता.

शब्दकोश पाहिल्यानंतर दोन आठवडे मला काही सुचेना. मग सोलापूरला एका लग्नाला जायचे होते, तसाच पुढे अण्णांच्या गावी गेलो. आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. चहा झाला. मी सगळे सांगून टाकले. अहवाल, रकाना, शेरा.

"ते मला तेव्हाच कळलं होतं साहेब," ते म्हणाले. "टायपिस्ट आपलाच होता. आणि खोटं कुठं होतं? मी अ‍ॅव्हरेजच होतो."

मी म्हणालो, "अण्णा, त्या शब्दाचा मूळ अर्थ ऐका," आणि जिनोआपासून सुरुवात केली. वादळ, लोकरीचे गठ्ठे, दहावा हिस्सा, सगळे. म्हणालो, "समुद्राच्या कायद्यानं तो कॅशिअरचा तोटा पर्टिक्युलर होता, त्याचा एकट्याचा. सामाईक म्हणायला कायदा नव्हता. तुम्ही तो सामाईक केलात. माझा शेरा बरोबर होता म्हणायचा, पण अर्थ मला ठाऊक नव्हता." बोलताना मला वाटत होते, हे ऐकून त्यांना बरे वाटेल. खरे म्हणजे मला बरे वाटेल.

त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले. शेंगा फोडायचे थांबले होते. मग त्यांनी विचारले, "त्या जहाजावर खलाशी असतील की. ते किती द्यायचे?"

मी म्हणालो, "त्यांच्याकडून काही घेत नसत. वर्गणी मालावर आणि जहाजावर. खलाशांच्या मजुरीला हात लावत नाहीत."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले.

"मग आपलं चुकलंच साहेब," ते म्हणाले. "शिपायाचे दोनशे सोळा घ्यायला नको होते."